बरी हाय म्हणायची सवय

ज्याला मोटारीनं उडवलंय, जो खाटेवर पडून आहे आणि ज्याच्या उशाशी रोज कुणी ना कुणी येऊन 'बरं हाय का?' विचारतंय, त्याच्यासाठी मी हे सांगतेय. मी सांगते आणि माझी धाकटी लेक लिहून घेते. ती शिकलेली आहे, म्हणून माझी भाषा मधूनमधून सरळ करते. करू दे बापडी. पण बाकीच्यांचं बोलणं होतं तसंच ठेव, त्याला हात लावलास तर याद राख, असं मी तिला बजावलंय.

डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. कोर्टातलंही फार कळत नाही. पण मोडलेल्या पायाची किंमत कशावरनं ठरते ते मला कळलंय, आणि ते फार महागात कळलंय.

एक कोयता

आमचं गाव पाथर्डीकडचं, कोरडवाहू. दसरा झाला की चार भांडी, दोन गोधड्या आणि पोरं बैलगाडीत घालायची आणि ऊसतोडीला कोपरगावकडे निघायचं, हे माझ्या लग्नापासून ठरलेलं. लग्न झालं त्याच दसऱ्याला मी निघाले. तोवर मी उभा ऊस पाहिलाही नव्हता.

आमच्यात नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी नेणारा मुकादम आगाऊ पैशाची उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडीला. पुरुषानं ऊस तोडायचा, बाईनं वाढ्यांनी, उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, त्याची मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. हिशेब पुरुषाच्या नावावर, पैसाही त्याच्याच हातात. बाईचं नाव कुठंच नाही. पण बाई पडली की पुरुष कितीही दांडगा असू दे, मुकादम त्याला उभा करत नाही. अर्धा कोयता कुणी घेत नाही.

म्हणूनच ज्याची बायको मेली किंवा अंथरुणाला खिळली, तो पुढच्या दसऱ्याच्या आत दुसरी बाई बघतो. त्याला कुणी नावंही ठेवत नाही. पोटाचा प्रश्न आहे म्हणतात आणि मोकळे होतात. मीसुद्धा म्हणायचे, दुसऱ्यांच्या घरचं असायचं तेव्हा.

मोटार

बाहत्तरचा दुष्काळ पडला त्याच्या दोन हंगाम आधीची गोष्ट. पौष महिना, दिवस मावळायला आलेला. उसाच्या फडातून कोप्यांकडे, आमच्या पाचटाच्या झोपड्यांकडे, परत चाललो होतो. मालक गाडी हाकत पुढे होते. बैलांसाठी वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन मी गाडीच्या मागून, रस्त्याच्या कडेनं चालले होते. मालक म्हणजे माझे यजमान. नाव मी घेत नाही, अजूनही.

मागून मोटार आली. दिवे लावलेले नव्हते. एका व्यापाऱ्याची काळी मोटार होती, हे नंतर कळलं. मला आवाज आला, मी मान वळवायला लागले आणि पुढचं आठवतं ते असं, की मी खाली आहे आणि वाढे सगळ्या रस्त्यावर पसरलेत. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता बैलांना काय घालायचं! पायाकडे नंतर बघितलं. तो मांडीपासून भलत्याच बाजूला पडला होता.

"चंदे! ए चंदे!" मालक गाडीवरनं उडी टाकून धावत आले. "लई लागलं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "बैलं धरा आधी, बुजत्याली."

हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. सवयच तशी. आई तापानं फणफणलेली असली तरी दारात कुणी आलं की 'बरी हाय' म्हणायची. आजी तेच करायची. मीही तेच शिकले.

वॉर्ड

नगरच्या सरकारी दवाखान्यात मला ठेवलं. गुडघ्याजवळ हाडातून सळई घातली, सळईला दोरी बांधली, दोरी खाटेच्या पायथ्याच्या चाकावरनं खाली सोडली आणि तिला वजन लटकवलं. हाड ओढून धरायला. असं उताणं पडून राहायचं. कूस नाही, उठणं नाही. शी-लघवीसुद्धा तिथंच, परक्या बायांच्या हातानं. पहिले काही दिवस मी लाजेनं पाणीच प्यायचं सोडलं होतं, म्हणजे भांडं मागायला नको. सिस्टरच्या ध्यानात आलं तेव्हा ती असली ओरडली की अख्खा वॉर्ड गप्प झाला. मग तिनं स्वतः तांब्या तोंडाला लावला.

सकाळी झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग चहा-पाव, आणि दुपारपासून नुसतं वाट बघणं. चार वाजता माणसं सोडायचे. कुणी बिस्किटाचा पुडा आणायचं, कुणी केळी. आणि मालक सोडले तर एकजात सगळे विचारणार, "बरं हाय का?"

"बरं हाय."

शेजारच्या खाटेवर पारनेरकडच्या कौसाबाई होत्या. म्हशीनं ढुसणी देऊन त्यांचा हात मोडला होता. तोंड असं फाटकं, की वॉर्डबॉयही वळसा घालून जायचा. एकदा मालक येऊन गेल्यावर त्या म्हणाल्या, "काय गं बये, नवरा असंपत्तोर हसत व्हतीस, आन तो भायेर पडला न्हाई तवर उशीला दात लावलंस. दुखतं तर वरड की! त्याला फुकाट वाटाया लागलंय ना तुझं दुखनं."

"त्यांना कशाला घोर लावायचा?"

"लाव की! मी तर माज्या म्हाताऱ्याला रोज नवं दुखनं सांगते," असं म्हणून त्या खदखदा हसल्या. मोडक्या हाताची बाई, पण एका हातानं रोज माझे केस विंचरायच्या. पडून पडून केसांचा पार गुंता झाला होता. त्या विंचरायच्या तेवढा वेळ मला बरं वाटायचं, आणि ते मात्र खरं बरं वाटणं होतं.

डॉक्टर बोलले तो दिवस

उन्हाळा लागला, वजन काढलं, काठी दिली. घरी सोडायच्या दिवशी मालक एस्टीची चौकशी करायला गेले होते. डॉक्टर आले. भला माणूस, खुर्ची ओढून बसला. माझ्या खाटेशी खुर्ची ओढून बसणारा तो पहिलाच डॉक्टर. तेवढ्यावरनंच मी काय ते ओळखलं.

"बाई, हाड जुळलंय, पण आखूड जुळलंय. हा पाय थोडा लंगडणारच. आणि डोक्यावर ओझं घेऊन चढणं-उतरणं आता विसरा. कायमचं."

"म्हंजी मोळी?"

"मोळी नाही."

मी काठी जवळ ओढून घेतली. मालक आले. "काय म्हनलं डाक्टर?" त्यांनी विचारलं.

"म्हनलं, हळूहळू सुटंल," मी म्हणाले.

काय करू? घरी सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या एका भाचीला नवऱ्यानं टाकलं होतं. पोर कामाला वाघ, वय कोवळं. मी दवाखान्यात असतानाच आत्याबाईंनी दोनदा तिचं नाव काढलं होतं, तेही माझ्या उशाशी बसून.

वकील

दावा लावायचा हे मुकादमानं सुचवलं. त्याच्या ओळखीचा नगरचा एक तरुण वकील होता. त्यानं मला समोर बसवून समजावलं. मालक कडेला उभे होते.

तो म्हणाला, कोर्ट काय बघतं? चूक कुणाची ते. तो ड्रायव्हर म्हणतो, बाई रस्त्याच्या मधे होती. मग तुमचं वय. मग तुम्ही कमवत काय होतात. समोरचे म्हणणार, कमाई नवऱ्याची, बाई घर सांभाळते, तिचं काय बुडालं? त्याला मुकादमाची साक्ष आहे, कोयत्याची रीत तो सांगेल. पण सगळ्यांत मोठं म्हणजे पाय बरा होणार की नाही. डॉक्टरांचा दाखला आहे की कायमचा गेला. "तेव्हा बाई, कुणी विचारलं तर जे आहे ते सांगा. कमी करून सांगू नका."

मी मान हलवली. बाहेर आल्यावर मालकांनी हळूच विचारलं, "दाखल्यात कायमचा गेला असं लिव्हलंय व्हय?"

"ते केसपुरतं हाय," मी म्हणाले. "वकिलांना तसं लिवून घ्यावं लागतं."

त्यांचा चेहरा सैल झाला. आणि घरात तेच पसरलं. आत्याबाई तर मला शिकवायच्या, "कोर्टात जराशीक जास्त लंगड बरं का!" मी हसायचे. माझं असं दोन्हीकडून आवळलं गेलं होतं. कोर्टात मोडलेली असायला हवं, घरात धड असायला हवं, आणि चालायला पाय एकच.

त्या सालच्या दसऱ्याला मालक तोडीला गेले नाहीत. हिचा पाय अजून कच्चा आहे म्हणाले, आणि गावातच मिळेल त्या मजुरीवर वर्ष काढलं. पण पुढच्या साली पाऊसच झाला नाही. शेतात पेरलेलं उगवलं नाही. आता कोयत्याशिवाय गत नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

पाहुणा

मधे एक दिवस मोटारसायकलवर एक माणूस आला. पांढरा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. मालक कामावर होते. आत्याबाई ओसरीवर डाळ पाखडत होत्या. तो म्हणाला, तुमच्या अपघाताबद्दल ऐकलं, इकडे आलो होतो, म्हटलं बघून जावं.

आता दारी आलेल्या माणसाला काय बसून बोलायचं असतं का? आणि त्यानं तर फळं आणलेली. मी भिंतीला धरून उठले, चुलीपुढं बसले, गुळाचा चहा टाकला. कपबशी घेऊन ओसरीपर्यंत गेले. आत्याबाई बघत होत्या म्हणून काठी घेतली नाही.

"कशा आहात आता?" त्यानं विचारलं.

"बरी हाय, भाऊ."

"दुखतं का?"

"न्हाई. इतकं काय न्हाई."

"मग पुढच्या साली ऊसतोडीला जाणार?"

सुपातली डाळ थांबली. मला पाठीमागं न बघताही कळलं.

"जानारच की," मी म्हणाले. "कोयता काय सुटतोय व्हय?"

तो चहा पिऊन गेला. तो त्या मोटारीच्या विमा कंपनीचा माणूस होता, हे कोर्टात कळलं.

कोर्ट

तारीख लागली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. मालक, आत्याबाई, साक्षीला मुकादम, असे सगळे पहाटेच्या गाडीनं नगरला गेलो. आदल्याच दिवशी आत्याबाई मुकादमाला म्हणाल्या होत्या, "तिचं जमलं तर जमलं, न्हाई तर भाची हाय. कोयता रिकामा ठिवायचा न्हाई." मालक तिथंच बसले होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. नुसते जमिनीकडं बघत राहिले.

कोर्टात मुकादमानं रीत सांगितली. आमच्या वकिलानं डॉक्टरांचा दाखला वाचला. मागच्या बाकावर मालक निवांत बसून होते. त्यांच्या लेखी, आणि मुकादमाच्याही, ते केसपुरतं होतं.

मग पांढऱ्या शर्टाचा तो माणूस उभा राहिला. मला बघून त्यानं मान खाली घातली. तो म्हणाला, बाई स्वतः उठल्या. काठी नव्हती. चुलीपुढं खाली बसल्या, चहा केला, मला आणून दिला. दुखत नाही म्हणाल्या. पुढच्या साली तोडीला जाणार म्हणाल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

समोरच्या वकिलानं मला विचारलं, "हे खरं आहे का?"

"व्हय, खरं हाय."

आमच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. समोरचा हसून खाली बसला. झालं, संपलं, असं मला वाटलं. एका चहात आपण सगळं घालवलं.

तेवढ्यात जज्जसाहेबांनी चष्मा काढला. वयस्कर माणूस. माझ्याकडं बघत, सावकाश, घरातल्या माणसानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाई, आता कशा आहात?"

अहो, ते शब्द माझ्या ओठांवर तयार होते. जन्मभराची सवय. मागं बाकावर मालक, त्यांच्या शेजारी आत्याबाई, दाराशी मुकादम. बरी हाय म्हटलं तर दावा गेला. बरी न्हाई म्हटलं तर मुकादमानं ऐकलं, माझा कोयता गेला आणि माझ्या जागी भाची आली. मी कठड्याला धरलं. उभं राहून राहून मांडीत कळ उठत होती, आणि मला कौसाबाईंचा आवाज आठवला. दुखतं तर वरड की.

"बरी न्हाई, साहेब."

बोलले आणि बांध फुटला. "बरी न्हाई मी. खाली बसले तर भिताडाला धरल्याबिगर उठता येत न्हाई, आन कुनी बगितलं तर पदर सावरते म्हनून दाखिवते. हंडा उचलत न्हाई. कूस बदलायची तर तोंडात पदर कोंबते, मालक जागं व्हऊ ने म्हनून. मोळी आता या जल्मात व्हनार न्हाई. डाक्टरनी सांगितलंय मला, दोन वर्सं व्हत आली."

"मग यांना बरी आहे असं का सांगितलंत?"

"दारी आल्येल्या पाव्हन्याला आनखी काय सांगायचं, साहेब? आन घरात तरी कसं सांगू? मी मोडले म्हनून कळलं असतं तर माज्या जागी दुसरी आली असती."

मी रडत होते, आणि लाज वाटत होती, आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. मागं वळून बघायची मात्र हिंमत झाली नाही.

स्टँडपर्यंत

बाहेर आलो. मालक नेहमीसारखे पुढे चालायला लागले. आमच्याकडे पुरुष पुढेच चालतो. पण त्या दिवशी ते भराभरा चालले होते आणि मी काठीवर मागं मागं पडत होते. आत्याबाई त्यांच्याबरोबरीनं चालत काहीतरी बोलत होत्या. मला ऐकू येत नव्हतं, ऐकायची गरजही नव्हती. मी मनात म्हटलं, चंद्रभागे, हातानं केलंस.

चौकाच्या अलीकडं ते थांबले. मी पोचेस्तोवर तसेच उभे राहिले.

"दोन वर्सं?" ते म्हणाले.

"व्हय."

"मला का न्हाई सांगितलंस?"

मला असा राग आला! इतक्या दिवसांचा साठलेला. "तुमी इचारलंत कवा? रस्त्यावर पडले तवा इचारलंत, त्येच्यानंतर डाक्टर काय म्हनला ते इचारलंत, पर तू कशी हायेस म्हनून एकदा तरी इचारलंत का? तुमची आई त्या पोरीचं नाव घेती तवा तुमी नुसतं जमिनीकडं बगत बसता!"

भर रस्त्यात नवऱ्याला असं बोललेलं आत्याबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मग स्टँडपर्यंत मालक माझ्या बाजूनं चालले, आणि हळू चालले. गाडीत, घरी, दुसऱ्या दिवशी, तरीही कोयत्याबद्दल चकार शब्द नाही. ते काही दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. किती मिळाले ते विचारू नका. गावानं विचारून विचारून तो आकडा आधीच दुप्पट केलाय. मागितले तेवढे मिळाले नाहीत, पण साहेबांनी एक गोष्ट केली. बाईच्या कष्टाची किंमत नवऱ्याच्या हिशेबात बुडवता येणार नाही, तिची ती वेगळी धरली पाहिजे, असं त्यांनी निकालात लिहिलं. त्या पैशांतनं आम्ही स्टँडाजवळ दुकानाची टपरी टाकली. तिथं बसून विकता येतं. पण ते सगळं नंतरचं. माझा निकाल त्याच्या आधी लागला होता.

दसरा

खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन पुजतात. मालकांनी कोयता घासून लखलखीत केला, पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. मी भिंतीशी बसून बघत होते. दरसाल मी त्याला झेंडूचं फूल वाहायचे, त्या दिवशी हात पुढं झाला नाही.

दसऱ्याला दुपारी मुकादम आला. आपट्याची पानं दिली-घेतली. आत्याबाई लगबगीनं पुढं झाल्या. "बसा, बसा. भाचीला निरोप धाडलाय, उंद्याला येतीया."

मुकादम मालकांकडं वळला. "मंग काय ठरलं? कोयता धरायचा का?"

मालक खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारलं, "कशी हायेस गं आज?"

"बरी न्हाई," मी म्हणाले. "सकाळधरनं लई दुकतंय."

"ऐकलं ना, मुकादम?" मालक म्हणाले. "आमचा कोयता मी आन ही. ती बरी न्हाई, तर आमचा कोयता न्हाई." मग ते उठले, पाटावरचा कोयता घेतला आणि वर आढ्याला खोचून टाकला. "आये, भाचीला म्हनावं येऊ नगं."

आत्याबाईंनी आढ्याकडं बघितलं. मुकादम अजून दारात होता, पाहुणा. सवयीनं माझा हात भिंतीकडे गेला, उठायला.

"बस गं तू," आत्याबाई म्हणाल्या, आणि चुलीपुढं जाऊन त्यांनी स्वतःच चहा टाकला.